वृद्धाश्रमातला सप्ताह

प्रफुल्ल,

मी आता चंद्रपूरच्या वृद्धाश्रमात चालली. भांडून नाई, तिथं हरिनाम सप्ताह आहे. एक खोलीही रिकामी आहे; आवडली तर राहीनच.

काल तू म्हणला, "माय तिथं गेली तर चामोर्शीचे लोक माझ्या तोंडात शेण घालतील." त्याईले सांग, पोरानं मायले टाकलं नाई, मायच पळाली.

घरी मी हरिपाठ सुरू केला की सूनबाई दीपाली टीव्ही मोठा करते. तिचंही खरं आहे, तिची मालिका त्याच वेळची.

वांग्याची भाजी झाकून ठेवली आहे.

तू न्यायले धावत येशील, माहीत आहे. पण वीणा माझ्या गळ्यात असन. सप्ताहात ती खाली ठेवत नाईत. दुसऱ्याच्या गळ्यात घातली तरच सुटका. म्हणून येशील तर आंघोळ करूनच ये.

तुझी माय