आईचं तोंड बघायचा दिवस

फाल्गुन ७

पोचलो एकदाचे! बेसीसहरहून निघालेली बस काठमांडूत कलंकीच्या चौकात येईपर्यंत माझी पोरगी कोपिला दोनदा माझ्या मांडीवर ओकली, आणि उतरल्या उतरल्या जिलबी मागायला लागली. पाच वर्षांची आहे, पण पोट पंचवीस वर्षांच्या हमालाचं.

काय घर आहे! तीन मजली, पिवळंधमक, अंगणात घसरगुंडी, गच्चीवर वीसेक पोरांचे कपडे वाळत घातलेले. अनाथ पोरांचा आश्रम म्हटल्यावर मला वाटलं होतं रडारड असेल, तर इथं नुसता कालवा. माझं काम म्हणजे पोरांना न्हाऊ घालायचं, भरवायचं, उवा काढायच्या, त्यांच्यातच झोपायचं. पगार मिळणार, आणि कोपिला माझ्याजवळ राहून शाळेत जाणार. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! कतारहून तिच्या बापाची पेटी आली आणि तेरावा उरकल्या उरकल्या सासूनं आमची ट्रंक अंगणात ठेवली. आता ये म्हणावं बघायला, सून कुठं राहते ती.

आश्रम सुलोचना मॅडम चालवतात. आवाज इतका गोड की मुंग्या लागाव्यात. आल्या आल्या मला बहिनी, म्हणजे धाकटी बहीण, म्हणाल्या, स्वतःच्या हातानं चहा दिला. अट एकच घातली. कोपिलानं मला आमा म्हणायचं नाही, बाकीच्यांसारखं मिस म्हणायचं. त्या पोरांना आई नाही, उगीच त्यांचं काळीज दुखायला नको. किती विचार करते बाई! रात्री कोपिलाला शिकवलं, तर ती 'मिस आमा, मिस आमा' करत खिदळत पळाली. मग जरा दटावून शिकवलं.

फाल्गुन १८

कोपिलाचे केस कापले. मॅडमनी लाल स्वेटर दिला, रोज अंडं आणि दूध सुरू केलं. गाल वर आलेत नुसते. तिला आता वरच्या मजल्यावर निवडक पोरांबरोबर झोपवतात. ती वर, मी खाली. सवय लागायला हवी म्हणतात मॅडम. कसली सवय ते विचारायचं राहिलंच.

इथली स्वयंपाकीण धनमाया दिदी मोठी खवचट बाई. मला म्हणाली, हरिकला, तू हसतेस फार, नवी आहेस ना. मी म्हटलं, हसायला पैसे पडतात का? ती गुंद्रुकाचा सुका पाला निवडत बसली.

फाल्गुन २७

आज गोरे पाहुणे आले होते. नवरा-बायको, फुगे आणि चॉकलेटं घेऊन. पोरांनी ओळीत उभं राहून गाणं म्हटलं. गोरीनं नेमकं कोपिलालाच मांडीवर घेतलं आणि तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. मला मेलीला अभिमानच वाटला! आमच्या पोरीत आहेच तसं काहीतरी.

मग मॅडमनी त्यांना तिचं नाव एंजल म्हणून सांगितलं. मागाहून मी विचारलं, तर म्हणाल्या, गोऱ्यांच्या जिभेला आपली नावं वळत नाहीत. कोपिला म्हणायला असं काय जड आहे? तीन अक्षरं तर आहेत. मनात पाल चुकचुकली.

चैत्र ९

नंदकलीच्या उवा काढत होते. लांब हुम्लाच्या डोंगरातली पोर, सातेक वर्षांची. तंद्री लागल्यावर सांगायला लागली, तिच्या आईकडे एक काळी शेळी आहे आणि आई शेळीशी भांडते. गावात एक माणूस आला होता. पोरीला काठमांडूच्या शाळेत घालतो, शिकवून परत आणतो म्हणाला. आईनं वाटेत खायला फापराच्या भाकऱ्या बांधून दिल्या.

मी म्हटलं, म्हणजे आई आहे तुला? तशी ती ताठ बसली आणि धडा म्हणावा तशी म्हणाली, माझी आई दरड कोसळून मेली.

मग मी दुसऱ्याला विचारलं. त्याचीही आई दरडीखाली मेली. तिसऱ्याचीही तशीच. चौथा तर जनकपूरच्या बाजूचा. अहो, त्या तराईत डोंगर औषधालाही नाही, दरड कोसळली कुठून!

चैत्र १२

मॅडमना विचारलं. हसून म्हणाल्या, बहिनी, दुःखात पोरं काहीबाही रचतात, तू मनाला लावून घेऊ नकोस. चहा दिला.

संध्याकाळी पोरांचं काम माझ्याकडून काढून घेतलं. आता मी मागच्या अंगणात धुणं धुते. वर जायचं नाही. जिन्याच्या दाराला कुलूप असतं, किल्ली मॅडमच्या कमरेला.

चैत्र २१

कोपिला फक्त जेवताना दिसते. आज कुणी जवळ नव्हतं, म्हणून हळूच म्हटलं, म्हण ना गं आमा. ती चोरट्या नजरेनं जिन्याकडे बघून म्हणाली, मिस, मला अजून भात हवा.

भात वाढला. माझ्या ताटातलाही तिलाच दिला.

धनमाया दिदीला गाठलं. आधी भांडी आपटत बसली. मग म्हणाली, पोरीला घे आणि नीघ, आजच्या आज. ते गोरे तिला दत्तक न्यायला परत येणार आहेत, कागद झालेत. मी म्हटलं, कसले कागद, मी जिवंत आहे की! ती म्हणाली, जिवंत आहेस, पण सांगतेस कुणाला? इथल्या सगळ्यांच्याच आया जिवंत आहेत, बाई.

वैशाख २

ठरलं. परवाच्या औंसीला, अवसेला, निघायचं. आईचं तोंड बघायचा दिवस तो. ज्याला आई आहे तो तिच्या हातावर मिठाई ठेवतो, ज्याची गेली तो मातातीर्थाच्या कुंडावर जाऊन तिच्या नावानं पाणी सोडतो. कोपिला दरवर्षी मला जिलबी भरवते आणि अर्धी स्वतःच खाते. एरवी फाटकावर पाले, म्हणजे पहारेकरी, असतो; सणाच्या गर्दीत सटकता येईल. बेसीसहरची बस धरायची. सासूच्या पायावर डोकं आपटेन, गोठ्यात राहीन.

वैशाख ४, सकाळ

मॅडमनी पहाटेच कालीमाटीला भाजी आणायला पिटाळलं. म्हणाल्या, आजच्या दिवशी भाव चढतात, लवकर जा. परतले तर घर रिकामं. पाले दाजू फाटकावर बसलेला, माझ्याकडे बघेना. पोरं कुठं विचारलं तर म्हणाला, मातातीर्थाला. गोरेही बरोबर आहेत, फोटो काढायला.

अनाथ पोरांना नेलं, ठीक आहे. पण कोपिला? कोपिला कशाला—

वैशाख ४, दुपार

आली. केस ओले. कपाळाला अक्षता. हात थंडगार पडलेले.

मी तिला मोरीकडे ओढलं. विचारलं, काय केलंस तिथं? म्हणाली, आमाला तीळपाणी दिलं. ताटात तांदूळ होते, पैसे होते, पूजा सांगणारे बामनबाजे म्हणाले तसं केलं. मॅडम म्हणाल्या वाकून बघ, पाण्यात तुझ्या आमाचं तोंड दिसेल.

मग म्हणाली, पण मला तू नाही दिसलीस. खूप वाकले, तरी नाही. मॅडम म्हणाल्या, पुढच्या वर्षी दिसेल.

देवा! जित्या आईला पोटच्या पोरीच्या हातून तीळपाणी!

धनमाया दिदी सांगत होती, नंदकली कुंडाच्या पायरीवर बसून राहिली. माझी आई मेली नाही, मी पाणी सोडणार नाही, सोडलं तर ती मरेल, म्हणून किंचाळली. तिला तिथून कुणीतरी उचलून नेलं. ती परत आलेली नाही.

वैशाख ५

कोपिलाला हाताला धरून फाटकापर्यंत नेलं. पाले आडवा आला. मी चावले त्याला. मॅडमनी चौकीतून हवालदार बोलावला.

अंगणात सगळ्यांसमोर उभं केलं. मी ओरडले, ही माझी मुलगी. मॅडम म्हणाल्या, बिचारी विधवा आहे, नवरा गेल्यापासून डोकं फिरलंय, कुठल्याही पोरीला आपलीच म्हणते. हवालदारानं वाकून कोपिलाला विचारलं, ही कोण तुझी?

तिनं आधी मॅडमकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मला खूश करायचं असलं की हसते ना, तशी हसली.

मिस, म्हणाली.

आणि तुझी आमा? तर म्हणाली, पाण्यात.

मीच शिकवलं होतं. दटावून दटावून—

वैशाख ६

ट्रंक फाटकाबाहेर. मीही बाहेर. समोर चहाची टपरी आहे, तिथं बसलेय. चहावालीला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, मग कप उचलला आणि आत गेली.

चौकीत गेले. हवालदार म्हणाला, साक्षीला कोण आहे? परत येऊन फाटकातून धनमाया दिदीला हाक मारली, तर ती तोंड फिरवून उभी राहिली. तिचा नातू त्याच घरात आहे. आज कळलं मला.

गच्चीवर लाल स्वेटर वाळतोय.

वैशाख ७

धनमाया दिदी पाणी टाकायला बाहेर आली. न बघता पुटपुटली— आज. निळी गाडी. सरळ विमानतळ.

निळी गाडी आत गेली. गोरी उतरली. हातात बाहुली.

वरच्या खिडकीत कोपिला. केसांना रिबीन. मी हात हलवला. तिनंही— नाही, कुणीतरी ओढलं आत.

बरं. मी फाटकासमोर रस्त्यात आडवी पडणार. चाकाखाली. बघू दे सगळ्या कलंकीला, मेलेली बाई कशी उठून बोंबलते ती.

वही टपरीच्या फळीवर ठेवते. कुणी वाचलीच तर— हिचं नाव एंजल नाही. कोपिला. कोपिला खत्री, गाव बेसीसहरच्या वर. बाप कतारला गेला, तिथंच वारला. आजी आहे, कजाग आहे, पण आहे. डाव्या गुडघ्यावर खूण, शेळीमागे धावताना पडलेली—

फाटक उघडतंय.

बाप वारला. आई जिवंत आहे. लिहून ठेवते, आई जि—