पाणक्याचे डोळे

१२ नोव्हेंबर २०१८, सोमवार

पुण्याहून माणूस आला होता. पाणक्याचा सिनेमा काढतायत म्हणे! कार्टूनचा, हलणारा.

जवळच्या तेलगावचाच निघाला, बिभीषण नावाचा. त्याचे वडील कारखान्याला ऊस घालून आले की कारखान्याचं पाक्षिक घरी आणायचे. त्यात मागच्या पानावर ह्यांची चित्रकथा. "काका, मी पाणक्या वाचूनच मोठा झालो," म्हणाला. तलाव एका घागरीत भरून कोरड्या गावावर ओततो तो पाणक्या. इंग्रजी सिनेमातल्यासारखी पाठीवर झूल नाही, खांद्यावर टॉवेल. बिभीषणाला सगळे भाग तोंडपाठ. हे नुसते "बरं" म्हणाले.

मी चहा केला. साखर जास्त पडली. काही वाटलं नाही.

१५ नोव्हेंबर

टँकर आला नाही. दुकानात दिवसभर एकच गिऱ्हाईक. लिहिण्यासारखं काही नाही.

२ डिसेंबर, रविवार

बिभीषण लॅपटॉप घेऊन आला. पाणक्या चालवून दाखवला.

माझा गुरुपाद चालला.

बिभीषणाला माहीत नाही. गुरूचा फोटो आतल्या खोलीत असतो, हे बाहेर लावू देत नाहीत. गुरूला अंगणात उभं करायचे, खांद्यावर घागर द्यायचे आणि काढायचे. "अप्पा, मान दुखायली," म्हणून तो ओरडायचा. सातवीत होता तेव्हापासून. तो मोठा होत गेला तसा पाणक्याही. आज लॅपटॉपमधून तो सरळ माझ्याकडं चालत आला. मी एवढंच बघितलं की गालावरची खळी काढायची राहिलीय.

मग बिभीषणानं शेवटचं पान काढलं. पाणक्या मांडी घालून बसलाय, डोळे मिटलेले, कपाळाला विभूती. त्यानंतर ह्यांनी काही काढलंच नाही. "काका, इथं तो ध्यानाला बसलाय ना? शक्ती गोळा करतोय. आपण पुढं नेऊ. सगळी पोरं त्याला हाका मारतात, आणि तो डोळे उघडतो!"

हे म्हणाले, "हां."

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे फरशीकडं बघत होते.

३ डिसेंबर

ध्यान म्हणे!

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात विहिरीतला गाळ काढायला गुरू उतरला आणि अंगावर दरड कोसळली. आम्ही लिंगायत, आमच्यात जाळत नाहीत. बसवून समाधी देतात. बाहेर काढेपर्यंत पाय ताठ झाले होते, वळत नव्हते. मी आणि दिरानं वळवून मांडी घातली. विधी करायला जंगम येईपर्यंत त्याची मान भिंतीला टेकवून मी धरून बसले. इष्टलिंग त्याच्या तळहातावर ठेवलं, बोटं मी मिटवली.

हे समोर बसून बघत होते. तेच पान आहे ते.

४ डिसेंबर

विचारलं ह्यांना. "हां कशाला म्हणलात?"

हे उठले, दार लोटून आले. मग म्हणाले, "उघडू दे की डोळे. मी लई बसलो पेन्सिल धरून. माझ्या हातानं न्हाई उघडले."

"तो उठणार न्हाई. मी बसवलाय त्याला."

"पडद्यावर तरी उठू दे."

मला राग आला. किती दिवसांनी काहीतरी आलं! माझ्या पोराला उठवायचं आणि लोकांनी टाळ्या वाजवायच्या? मी रोज सकाळी उठले की स्वतःला सांगते, तो तिथं बसलाय, तो येणार नाही. तेव्हा कुठं दुकानाचं शटर वर जातं. आता ह्यांना तो उठवून पाहिजे.

८ जानेवारी २०१९, मंगळवार

बिभीषणाला फोन केला. ह्यांना न विचारता. दुकानात कुणी नव्हतं. सगळं एका दमात सांगितलं: मांडी, मान, बोटं.

बिभीषण म्हणाला, "काकू, मला खरंच ठाऊक न्हवतं. आमच्यात जाळतात. लई चुकलं माझं." पुण्याची भाषा गेली, तेलगावची आली. "तुमी म्हणताल तसंच ठेवतो. डोळे न्हाई उघडायचा."

"शब्द दे."

"दिला, काकू."

ह्यांना सांगितलं. हे भिंतीकडं तोंड करून निजले. भाकरी तशीच राहिली.

११ जानेवारी

आज बोलले. "बरं केलंस."

बरंच केलं. चूक काय त्यात? तरी दिवसभर कानात तेच येतंय. असं कुणी "बरं केलंस" म्हणतं का!

१७ मे, शुक्रवार

परवा सिनेमा दाखवणार. यंदा ऊसच नाही, कारखान्याचं साखरेचं गोदाम रिकामं पडलंय, तिथं. गुरांच्या चारा छावणीवरची पोरं ट्रॅक्टरनं आणणार आहेत. शेजारची बायनाबाई छावणीतून सांगत आली, पोरं दोन दिवसांपासून टॉवेल खांद्यावर टाकून हिंडतायत, बैलांना हुसकावतायत. हे म्हणाले, "तू जा. मी न्हाई येत." मग संध्याकाळी स्वतःच धोतर धुतलं.

१९ मे, रविवार

भर दुपारी गोदामात अंधार केला होता. मळीचा वास. शेवटी पाणक्या मांडी घालून बसला. कपाळाला विभूती, मान सरळ. पोरं पडद्यावर हाका मारत होती, खालीही मारत होती. आणि मी! उघड रे, गुरू. एकदा उघड. मोठ्यानं म्हणत होते, ह्यांनी माझा हात धरला तेव्हा कळलं.

पडदा पांढरा झाला तरी मी बघत होते. बिभीषणानं शब्द पाळला.