पुसला गेलेला हायड्रोजन

पुणे, ४ जानेवारी २०२४

ती. आक्कास,
धाकट्या तेजूचा सा. न. वि. वि.

महिनाभर रेडिओ दुर्बिणीच्या आवारात होते. तिथं मोबाइल बंद ठेवावा लागतो, म्हणून फोन झाला नाही. शिवाय फोनवर तू मध्येच जेवलीस का विचारतेस आणि माझं सांगायचं राहून जातं, म्हणून पत्र.

बातमी मोठी आहे. अब्जावधी वर्षांपूर्वी हायड्रोजन वायूतून निघालेल्या लहरी आम्ही पकडतो. तो वायू कुठं किती गोळा झाला होता हे कळलं, की त्याला ओढणारं गुरुत्वाकर्षण आपल्या सूत्राप्रमाणंच चालतं का, ते तपासता येतं. माझ्या आकड्यांत वायू हवा त्यापेक्षा कमी गोळा झालेला दिसतो. म्हणजे एवढ्या लांब गुरुत्वाकर्षण आइनस्टाइनच्या सूत्रापेक्षा कमजोर आहे! सहा वर्षं यात गेली, आक्का. लेख छापायला गेलाय.

आबांना तुझ्या भाषेत समजावून सांग. माया आहे तशी राहू दे.

तुझी तेजू

गडमुडशिंगी, २० जानेवारी २०२४

चि. तेजस्वीस,
अ. उ. आ.

पत्र आबांना दोनदा वाचून दाखवलं. त्यांनी ते चौकात नेलं, आणि तिसऱ्या दिवशी तुझ्या फोटोचा बोर्ड लागला की! गडमुडशिंगीच्या कन्येनं आइनस्टाइनला चितपट केलं म्हणून. फोटो बारावीतला हाय, दोन वेण्यांचा. माझ्यावर रागावू नकोस, फोटो आबांनीच दिला.

एक विचारते. तुझ्या हाताखाली शिकणारा आजऱ्याचा धैर्यशील, दोन वर्षांमागं जत्रेला आपल्याकडं जेवून गेलता, त्याची आई परवा दवाखान्यात भेटली. तो वर्षभर घरीच हाय म्हणाली, काजूच्या कारखान्यात जातोय. तू तर त्याला परदेशात जागा मिळाली म्हणालीवतीस. खरं काय ते कळव.

तब्येतीला जप, आणि आमची आठवण ठेव.

तुझी आक्का (क्रांती)

पुणे, ९ मार्च २०२४

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

बोर्ड उतरवायला सांग.

आपल्या आकाशगंगेचा रेडिओ गोंगाट हायड्रोजनच्या लहरींपेक्षा हजारो पटींनी मोठा असतो. तो पुसायला मी प्रोग्रॅम लिहिला होता. लेख तपासणाऱ्यांनी विचारलं, की पुसताना हायड्रोजनही पुसला जात नाही कशावरून? मी माहीत असलेला खोटा सिग्नल आत घालून पाहिला. त्यातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग गायब झाला. वायू कमी नव्हता, आक्का. मीच तो पुसला होता.

धैर्यशीलनं दीड वर्षापूर्वी हीच तपासणी करू या म्हणून तीनदा सांगितलं होतं. दोन महिने जातील म्हणून मी नको म्हटलं. चौथ्यांदा त्यानं सगळ्यांसमोर विचारलं. तेव्हा त्याच्या वार्षिक अहवालात मी लिहिलं, की याला मूळ विषयच समजत नाही. त्याची फेलोशिप तिथंच थांबली. परदेशाचं मी तुला खोटं सांगितलं.

हे वाचूनही तुला वाटलं तर लिही.

तेजू

गडमुडशिंगी, २८ मार्च २०२४

चि. तेजस्वीस,
अ. आ.

बोर्ड मीच उतरवला. आबांनी का म्हणून विचारलं न्हाय.

दूध संस्थेत मी बारा वर्षं दुधाची फॅट तपासते. एखाद्या बाईचं दूध परत करायची वेळ आली तर दुसऱ्यांदा तपासल्याशिवाय करत न्हाय. तू माणूस परत पाठवलास आणि एकदाबी तपासलं न्हाईस.

सोमवारी आजऱ्याला गेलते. धैर्यशील काजू वाळवायच्या भट्टीपाशी होता. बोटं सालीच्या तेलानं काळी पडल्यात. मी तुझं नाव काढलं तर बसा म्हणाला, चहा सांगितला, आणि परत आलाच न्हाय. त्याच्या आईनं सांगितलं, पुण्याहून आला तेव्हा चार महिने खोलीतनं बाहेर पडला न्हाय. वह्या त्यानं भट्टीत घातल्या.

मी जाऊन भागणार न्हाय. तू ये. बहीण म्हणून अजून हायच मी.

आक्का

पुणे, २ मे २०२४

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

लेख मागं घेतला. निवेदनात लिहिलं, की ही चूक धैर्यशीलनं आधीच दाखवली होती आणि मी त्याला गप्प केलं. त्याच्याविरुद्धचा अहवाल खोटा होता, हे संस्थेलाही लेखी दिलं. माझी चौकशी चालू आहे. विद्यार्थी काढून घेतलेत, ते बरोबरच आहे.

रविवारी आजऱ्याला जाऊन आले. तुला आधी कळवलं नाही, कारण तू सोबत आली असतीस आणि मला ते सोपं गेलं असतं.

त्यानं निवेदन उभ्यानंच वाचलं. मी माफी मागितली. त्यानं एवढंच विचारलं, की सिग्नलचे शंभर भाग घातले तर किती परत आले? मी बासष्ट म्हणाले. मला साठ वाटलेले, म्हणाला. मग गुरुत्वाकर्षणाचं काय ठरलं, म्हणाला. मी सांगितलं, की चूक धरली तर आकडे इतके सैल होतात की आइनस्टाइन बरोबर की चूक, काहीच सांगता येत नाही. त्यानं मान हलवली आणि पाळीवर निघून गेला.

त्याची आई फाटकापर्यंत आली. तुमची चूक होती म्हणता, मग माझ्या लेकाला परत घेणार काय, म्हणाली. फेलोशिपची मुदत गेली, वयाची मर्यादाही उलटली, हे मला तिला तोंडानं सांगावं लागलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं फाटक लावून घेतलं.

शनिवारी घरी येते. आबांना तू काही सांगू नकोस, मीच सांगेन. तोवर दार उघडं ठेव.

तुझी तेजू