केलूवाल्या घराचा सौदा

दुर्गापुरा, जयपूर
रविवार

प्रिय निहार,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवर तू 'मीटिंगमध्ये आहे, पटकन बोल' म्हणतोस आणि मग मी पटकन गळकं छप्परच बोलते. तू पुण्याला गेल्यापासून आपण नवरा-बायको कमी आणि घरमालक-गवंडीच जास्त झालोय. म्हटलं, आज सावकाश बोलावं, आणि तुला मध्येच तोडताही येऊ नये.

तर बातमी अशी, की घराला गिऱ्हाईक मिळालं. रणजीतजी म्हणून आहेत, जुनी घरं घेऊन पाडतात आणि फ्लॅट बांधतात. आले, भिंतीच्या भेगेत बोट घालून पाहिलं, मग वर छपराकडे बघितलं आणि हसायलाच लागले. म्हणे, भाभीजी, जयपूर में केलू का मकान किसने बनवा दिया? कौलांना इथे केलू म्हणतात हे तुला काय सांगायचं, सगळी गल्ली आपल्याला 'केलूवाले' म्हणूनच ओळखते. पण आहे तसं घर घेतील. दुरुस्ती नको, रंग नको, जुनी कपाटंही राहू द्या म्हणाले. पैसे एकरकमी, कर्जाची भानगड नाही. आपल्या दोघांच्या सह्या झाल्या की किल्ली द्यायची.

त्यांच्या हसण्याचा मला रागच आला. तसं बघितलं तर खोटं काय बोलले? तुझे बाबा गुहागरचे, विम्याच्या नोकरीत इथे आले, इथेच घर बांधलं आणि तेही उतरत्या छपराचं! जिथे लोक गच्चीवर झोपतात, पापड वाळवतात, पतंग उडवतात, तिथे आपल्याला गच्चीच नाही. शहाण्या माणसानं असं करावं? पण आई मला सांगायच्या, लग्न होऊन त्या इथे आल्या तेव्हा माहेरच्या आठवणीनं नुसत्या रडायच्या. तेव्हा बाबांनी शब्द दिला, बांधीन ते घर तुझ्या माहेरासारखंच बांधीन. त्यांनी तो पाळला. आता हे माकडांना कोण समजावणार!

माकडं आणि मे महिन्यातली आंधी, दोघांनी मिळून दर उन्हाळ्यात कौलं फोडायची. इथे तशी मिळायची नाहीत, म्हणून तू पुण्याहून येताना बॅगेत कपड्यांऐवजी कौलं भरून आणायचास. स्टेशनवरचा हमाल बॅग उचलताना तुझा उद्धार करायचा. मग तू शिडीवर, मी खाली शिडी धरून, आणि आई अंगणातून दोघांवर ओरडणार. तुला एक गंमत सांगू? वर कौल फुटल्याचा आवाज आला की आई कपाळाला हात लावायच्या आणि मला आतून बरं वाटायचं, कारण आता तू येणार. मग एका वर्षी तू म्हणालास, वरून प्लास्टिक टाकून घे. घेतलं. निळं आहे, फार वाईट दिसतं.

परवा शेजारच्या शर्मा चाचींनी चहाला बोलावलं होतं. आपल्या लग्नानंतरची पहिली संक्रांत त्यांच्याच गच्चीवर झाली, आठवते? मांज्यानं माझं बोट कापलं आणि तू भरल्या गच्चीत ते तोंडात धरलंस. चाची 'हाय राम' म्हणून तोंड फिरवून बसल्या होत्या. अजून चिडवतात मला. या संक्रांतीला मी एकटीच वर गेले, तीळगूळ दिला आणि लगेच खाली आले.

तुला पुण्याची नोकरी लागली, आई हे घर सोडेनात, म्हणून मी थांबले. आपण भांडलो नाही, कुणी कुणाला सोडलं नाही. लोक विचारतात तेव्हा नक्की काय झालं ते मला सांगताच येत नाही. आई गेल्या तेव्हा तू तेराव्यापर्यंत होतास, आणि तेव्हाच कळलं की घर त्यांनी आपल्या दोघांच्या नावावर केलंय. तुला वाटलं, सुनेच्या सेवेचं बक्षीस. अरे, आई इतक्या साध्या होत्या होय? लेकाला आणि सुनेला एका ठिकाणी बसवायचा त्यांचा तो शेवटचा डाव होता. आणि तू काय केलंस, तर सहीलाही यायला नको म्हणून मुखत्यारपत्र पाठवतो म्हणालास.

पाठव. माझी सही मी करते. या घरावर जीव आहे माझा, पण त्यासाठी अडून बसणार नाही. पण आमच्या बँकेत बदलीचे अर्ज मागवलेत, शनिवारपर्यंत द्यायचेत. पुण्याच्या शाखेत जागा आहे, असं साहेब म्हणाले. अर्ज समोर ठेवून तीन संध्याकाळी बसले आणि तसाच ठेवून दिला. इतकी वर्षं आई होत्या, तेव्हा तू कसं बोलावणार आणि मी कशी येणार, हे ठीक होतं. आता आई नाहीत, घरही जाईल. तरी फोनवर तू एवढंच विचारलंस, की सामानाचं काय करणार आहेस. माझं काय, हे विचारलं नाहीस. मला तुझी फार आठवण येते रे. जेवताना येते, बँकेतून परत येताना येते. तुझ्याकडे माझ्यासाठी जागा आहे का? नसेल तर तसं स्पष्ट सांग, मी इथेच कुठे दोन खोल्या बघेन आणि एकदाची रडून मोकळी होईन. असेल तर मला 'ये' म्हण. आजवर एकदाही म्हणाला नाहीस.

अजून तुझीच,
प्रणिता