डंपवरच्या झाडांचा घेर

३ फेब्रु.
जगभरच्या झाडाझुडपांत पूर्वी किती कार्बन साठलेला होता, त्या अंदाजात माझ्या वाट्याला एवढासा तुकडा. उमरेडजवळचं जंगल. आता तिथं कोळशाची खाण. जुन्या मोजणीची वही मिळाली, प्रत्येक झाडाचा घेर लिहिलेला. पण अर्धी वाळवीनं खाल्लेली. सर म्हणाले, कोणी जुना माणूस बघ.

८ फेब्रु.
बकारामजी. रिटायर नाकेदार, म्हणजे जंगलखात्यातले वनरक्षक, ऐंशीच्या पुढचे, दोन्ही डोळे गेलेले. सुनेनं डंपवर आणून सोडलं. खाणीतल्या मातीचा हा डोंगर, जंगल याच्याखाली कुठंतरी. वर गवताची काडी नाही. हात धरून चालत होते, तर मलाच ओढलं.
"बाजूनं ये वं बाई. साजाचं झाड हाये, आदळशील."
"कुठं काका?"
हवेत दोन्ही हात गोल केले. "घे माप."
हसू आलं. तरी टेप त्यांच्या हातांभोवती फिरवला. चार फूट दोन इंच. अशी अकरा झाडं.

९ फेब्रु.
वहीचं शाबूत पान काढून कालच्या मापांशी ताडून पाहिलं. तीच झाडं, त्याच क्रमानं. ही मोजणी त्यांच्या नोकरीच्याही आधीची. फक्त घेर प्रत्येकाचा जास्त. मोजणीपासून आजपर्यंत जेवढा वाढला असता, तेवढाच.
डबा तसाच परत आणला.

१२ फेब्रु.
सर : "आंधळ्या म्हाताऱ्याचे हात आहेत ते. वगळ." खरंय. अकराही आकडे वगळले. संध्याकाळी परत घातले.

२० फेब्रु.
सुनेचा फोन. "मॅडम, बाबा सकाळपासून डंपवर बसले. उतरूनच नाही राहिले. कोणी झाडं तोडून राहिलं म्हणतात."
मिळेल ती बस धरली. भर दुपार. यंत्रं बंद होती, कसलाच आवाज नाही. ते उकिडवे, मान कलती करून ऐकताहेत.
"काय झालं काका?"
"चारच उरले वं. काहून उशीर केला? घे लवकर."
तीन मापली. चौथा मोह. त्यांनी हात गोल केले, मी टेप फिरवला, वाकून आकडा वाचला. हात एकदम छातीवर येऊन मिटले. टेप सैल होऊन पायांशी पडला.
ते उठले, आडवं पडलेलं खोड ओलांडावं तसा पाय उंच उचलून उतरायला लागले. मी टेप गुंडाळला.

२१ फेब्रु.
तक्ता उघडून बसलेय. तीन लिहू की चार?