अंगठा उमटला नाही त्यानंतर

माय, तुला साकोलीला ठेवलं, असं मी अजूनही म्हणतो. सामान ठेवावं तसं. दवाखान्यातून रिटायर झालेल्या त्या आयाबाईच्या घरी तुम्ही तिघी म्हाताऱ्या होतात. तिला ना सरकारी अनुदान, ना कुठल्या संस्थेचा आधार. तुमचं निराधारचं मानधन आणि घरोघरचे तांदूळ, एवढ्यावर ते घर चालायचं. आपलं शेत बटईनं, पिकाच्या वाट्यावर दिलेलं, त्यातलं धानाचं पोतं पोचायचं, आणि माझी जबाबदारी संपायची.

वर्षातून एकदा हयातीच्या दाखल्यासाठी मी पुण्याहून येतो. तू सकाळपासून नवं लुगडं नेसून ओसरीवर. बाकीच्या दोघींना सांगतेस, "माहा पोरगा मले भेटाले येऊन राहिला." भेटायला कसला, मी तुझ्या अंगठ्यासाठी येतो. शेवटच्या वर्षी तो मशीनवर उमटतच नाही. जन्मभर धानाची रोवणी करून रेषा झिजलेल्या. तू अंगठा पदराला पुसतेस, फुंकर मारतेस, पुन्हा ठेवतेस. परतताना ऑटोत हळूच विचारतेस, "आता थे बाई मले काढून देईन का?" मी म्हणतो, "कायले काढते? मी आहो ना." आणि संध्याकाळची गाडी पकडतो.

तू गेलीस त्याला आता बरीच वर्षं झाली. परवा शेताच्या कामानं आलो, तेव्हा त्या आयाबाईकडे डोकावलो. ती थकली आहे. चहा देता देता सहज बोलून गेली, की अंगठा उमटला नाही त्या दिवसानंतर तुझं मानधन आलंच नव्हतं. तुझे शेवटचे सात महिने ती लग्नघरी पोळ्या लाटायला जात होती.

"मले कळवाचं होतं ना," मी म्हणालो.

"दोनदा फोन लावला बाबू. तुमी मीटिंगात होते. मंग मनलं, जाऊ द्या."

"मायले काय सांगितलं?"

"पोरगा पैसे पाठवते मनून सांगो. आयकलं का दोन घास जास्त खाये थे."

माझा शब्द तिनं पाळला, माय. मला रडू आवरेना. तिनंच पाठीवर हात ठेवला. म्हणाली, "तुमाले मालूमच नव्हतं, तुमचा काय दोष." मी होकारार्थी मान हलवली.

मानधन थांबल्याचा मेसेज माझ्याच मोबाईलवर आला होता. त्याच दिवशी मी तो वाचला होता. हे खरं तर तिला सांगायचं आहे. तेवढी हिंमत नाही, म्हणून तुला लिहितोय.