कासव उठेपर्यंत

१० जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आम्ही सर्व खुशाल असून कोडिंग शिकत आहोत. पहिल्याचा दुसऱ्याशी संबंध नाही. यापुढे कोडिंग न येणारा तो निरक्षर, असं तुझ्या वहिनीचं फर्मान आहे. मी शाळेत संस्कृत शिकवतो, हे तिच्या लेखी गेल्या जन्मीचं पुण्य. रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर वर्ग भरतो. आई पहिल्या बाकावर बसून झोपते.

चेष्टा पुरे. तुझ्या भाचीला केस कापायला शिकायचंय. पार्लरच्या वर्गात एकोणीस तारखेला नाव द्यायचं आहे. वहिनी म्हणते, आधी दोन वर्षं कोडिंग, मग खुशाल जगाची हजामत कर. शेवटी ठरलं की घरात कोडिंगवर जेवणारी तू एकटी, तेव्हा तुझा शब्द अंतिम. यंत्रच कोड लिहू लागलंय, तरी सगळ्यांनी ते शिकावं का?

आपलं कासव, रावसाहेब, थंडीभरासाठी झोपलंय. मला त्याचा हेवा वाटतो.

तुझा निरक्षर
दादा

१३ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र ऑफिसातच वाचलं. वेळ होता, माझं काम यंत्र करत होतं. मी फक्त नजर ठेवते. ते इतक्या आत्मविश्वासाने चुकतं की तुझी आठवण येते. चूक दाखवली की माफी मागतं, तिथे साम्य संपतं.

वहिनीला सांग, सगळ्यांनी यात पोट भरायची गरज नाही. पण यंत्राने काय लिहून दिलं, ते थोडं वाचता यावं. नाहीतर पाण्याचा मुख्य नळ कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नसलेल्या घरासारखी गत.

लोभाचा पुरवठा चालू ठेवावा.

तुझी
धाकटी

२० जानेवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद. वि. वि.

तुझा कौल मायलेकींनी आपापल्या बाजूने वाचला. मग वहिनीने यंत्राकडून एक गजर लिहून घेतला: घरातले सगळे उठून बटण दाबेपर्यंत चारही फोनवर वाजत राहायचं. घरात कोण कोण, असं यंत्राने विचारलं. तिने कौतुकाने रावसाहेबांचंही नाव सांगितलं.

रविवारी पहाटे आम्ही चौघांनी बटणं दाबली. गजर पाचव्याची वाट बघत राहिला. एक फोन बंद केला, तर बाकीचे त्याच्या वाट्याचंही ओरडू लागले. वहिनीने यंत्राकडे तक्रार केली. त्याने माफी मागून आवाज वाढवून दिला, उशिरा उठणाऱ्याची सोय म्हणून. मी सर्वांना यावत्-तावत्, म्हणजे जोपर्यंत-तोपर्यंत, समजावू लागलो, तर आई म्हणाली, तुझं तावत् आधी बंद कर. शेवटी तुझ्या भाचीने ते लिखाण वरून खाली वाचलं आणि एके ठिकाणी पाचाचे चार केले. शांतता. शेजारी परत गेले. रावसाहेब हललेही नाहीत.

वहिनी म्हणाली, बघा, शिकली म्हणून जमलं. पोरगी म्हणाली, हो ना, मग एवढं पुरे. काल वहिनीच तिला पार्लरच्या वर्गात सोडून आली. स्वतः मात्र शिकायचं सोडलेलं नाही.

पहिला प्रयोग माझ्या डोक्यावर झाला. कुठे थांबायचं, ते पोरीला गजरात कळतं, केसांत अजून नाही.

लोभ असावा, आणि जमल्यास टोपी पाठवावी.

दादा